डॉस गेम्समधलं मिडी संगीत: सगळ्यात चांगला आवाज कसा मिळवायचा?

कळफलक

नमस्कार मंडळी,

डॉसबॉक्सवर (आजच्या संगणकावर डॉसचे गेम चालवणारा प्रोग्राम) जुने गेम पुन्हा खेळायला घेतले आहेत. सध्या तीन चालू आहेत: मंकी आयलंड २, डूम आणि वोल्फेन्स्टाइन ३डी. चित्रं झकास दिसतात, संगीताचं मात्र गणित जुळत नाहीये. मिडी म्हणजे नुसत्या 'कोणता स्वर, कोणतं वाद्य' अशा सूचना, आणि विंडोजच्या स्वतःच्या मिडीवर सगळी वाद्यं पातळ वाजतात. म्हणून फ्लुइड-आर३ हा १४० एमबीच्या आसपासचा साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांची फाइल) उतरवून लावला. डूम एकदम सुधारला. मंकी आयलंड २ विचित्र झाला, भलत्याच ठिकाणी भलतीच वाद्यं वाजतात. आणि वोल्फेन्स्टाइनवर कुठलाही साउंडफाँट लावा, काडीचा फरक पडत नाही.

प्रश्न सरळ आहे. सगळ्यात चांगला साउंडफाँट कोणता? माझा अंदाज असा की जितका मोठा साउंडफाँट तितका आवाज चांगला. पटत नसेल तर कारणासकट सांगा.

---

पीसी_स्पीकर

धागा वाचनखुणेत टाकला आहे. जाणकार येतीलच.

---

आयआरक्यू_५

पटत नाही, आणि कारण तुमच्याच तीन गेममध्ये आहे. हे तीन गेम तीन वेगळ्या घराण्यांचे आहेत. एका घराण्याची चीज दुसऱ्याच्या गळ्यात घातली की जे होतं तेच तुम्ही ऐकताय.

मंकी आयलंड २ हा १९९१ चा. त्याचं संगीत रोलँडच्या एमटी-३२ साठी बांधलेलं आहे. एमटी-३२ हा बाहेरून जोडायचा डबा १९८७ मध्ये आला. जनरल मिडी हे मानक ठरलं १९९१ मध्ये, म्हणजे एमटी-३२ वरच्या वाद्यांचे क्रमांक मानक ठरण्याच्या आधीचे. गेम 'अमुक क्रमांकाचं वाद्य लाव' एवढंच सांगतो. तुमच्या साउंडफाँटमध्ये त्या क्रमांकावर दुसरंच वाद्य बसलेलं असतं, आणि ते इमानेइतबारे वाजतं.

क्रमांक जुळवूनही काम पुरतं होत नाही. एमटी-३२ मध्ये १२८ तयार आवाज आहेत, शिवाय ६४ आवाज बाहेरून भरता येतात. गेम सुरू होताना संगीतकाराने स्वतः घडवलेले आवाज सिस्टीम एक्सक्लुझिव्ह (ठरावीक यंत्रासाठीच्या खास मिडी) संदेशांतून डब्यात पाठवले जातात. हे आवाज जगातल्या कुठल्याच साउंडफाँटमध्ये नाहीत, कारण ते त्या गेमच्या फाइलमध्ये आहेत. १४० एमबी काय, १४ जीबीचा साउंडफाँट लावला तरी ते मिळणार नाहीत.

वोल्फेन्स्टाइन ३डी (१९९२) मध्ये मिडी नाहीच. त्यातलं संगीत म्हणजे ॲडलिब कार्डावरच्या यामाहा वायएम३८१२ चिपला द्यायच्या थेट सूचना, 'या रजिस्टरमध्ये हा आकडा लिही' अशा. साउंडफाँटचा त्यात संबंधच येत नाही.

डूम (१९९३) मात्र जनरल मिडीच्या काळातला, म्हणून तो सुधारला. गंमत म्हणजे वोल्फेन्स्टाइन आणि डूम दोन्हींचा संगीतकार एकच, बॉबी प्रिन्स.

तेव्हा 'सगळ्यात चांगला साउंडफाँट कोणता' हे नंतर. आधी प्रत्येक गेमला विचारा: तू कोणत्या यंत्रासाठी लिहिलेला आहेस?

---

पीसी_स्पीकर

प्रतिसाद आवडला. म्हणजे इतकी वर्षं मी मंकी आयलंड जे ऐकत आलोय ते मूळ नव्हेच?

---

आयआरक्यू_५

@पीसी_स्पीकर, कोणत्या कार्डावर ऐकलंत त्यावर आहे. ॲडलिबवर ऐकलं असेल तर तेही मूळच, त्याची वेगळी मांडणी गेममध्ये दिलेली होती. जनरल मिडीवर जबरदस्तीने वाजवलेलं मात्र नव्हे.

---

लिनक्सवाली

@कळफलक, 'मोठा म्हणजे चांगला' यावर थोडं.

विंडोजमधला तो पातळ वाटणारा सिंथ (मिडीच्या सूचनांचा आवाज करणारा भाग) मायक्रोसॉफ्टने रोलँडकडूनच परवान्यावर घेतलेला आहे. आवाजांची फाइल जेमतेम ३ एमबीची. पण तो पातळ वाटतो त्याला मुख्य कारण आकार नाही. त्यात रिव्हर्ब (घुमारा) आणि कोरस (एकाच आवाजाला भरदार करणारा परिणाम) नाहीत, त्यामुळे सगळी वाद्यं कोरड्या खोलीत वाजल्यासारखी येतात. रोलँडच्या खऱ्या साउंड कॅनव्हस या जनरल मिडीच्या डब्यातही आवाजांची रॉम (कायमची मेमरी) मोजक्याच मेगाबाइटांची होती, आणि डूमसाठी आजही लोक तोच शोधतात.

साउंडफाँटमध्ये मी आकारापेक्षा तोल बघते. संगीतकाराने आपल्यासमोरच्या साउंड कॅनव्हसवर ऐकत ऐकत ठरवलेलं असतं की ड्रम इतके, गिटार इतकी, मागचे स्ट्रिंग्ज इतके. मोठ्या साउंडफाँटमधला एकटा पियानो अप्रतिम असेल, पण तो बाकीच्यांच्या डोक्यावर बसला तर गाणं बिघडतं. फ्लुइड-आर३ चांगलाच आहे, पण गेमसाठी मी जनरलयूझर जीएस लावते. तो ३० एमबीच्या आसपास आहे आणि रोलँडच्या जीएस मानकातले जादा आवाजही त्यात आहेत. डूम, डिसेंट, ड्यूक न्यूकम ३डी, तिन्हींत तोल नीट राहतो.

सोय म्हणून: साधा डॉसबॉक्स सोडा, त्याची सुधारित आवृत्ती डॉसबॉक्स स्टेजिंग घ्या. साउंडफाँट वाजवणारा फ्लुइडसिंथ त्याच्या आतच आहे. कॉन्फिगरेशन फाइलच्या मिडी विभागात डिव्हाइस म्हणून फ्लुइडसिंथ लिहायचं आणि खाली साउंडफाँटचं नाव द्यायचं. विंडोजमध्ये वेगळा मिडी सिंथ बसवायची कटकट वाचते. मी लिनक्सवर आहे, पण पद्धत सगळीकडे तीच.

---

वाद्यवृंद_कोल्हापूर

गेममधलं मला काही कळत नाही, पण रोलँडचं नाव निघालं आणि राहवेना. आमच्या ऑर्केस्ट्राच्या मंचावर कीबोर्डच्या शेजारी रोलँडचा ऑक्टोपॅड असतोच. त्याच कंपनीचा डबा लोक गेम खेळायला घ्यायचे, हे आजच कळलं भावांनो.

अवांतर: जनरल मिडीच्या १२८ वाद्यांत १०५ वर सतार आहे आणि ११२ वर सनई. तबला मात्र कुठेच नाही, तालवाद्यांच्या यादीतसुद्धा नाही. बोंगो आहेत, कोंगा आहेत, तबला नाही! याचा राग मला पहिला मिडी कीबोर्ड घेतला तेव्हापासून आहे.

---

नागपुरी_संत्रं

सनई आहे ना, मग मंगलाष्टकं झाली की. तबल्याचं जेवणानंतर बघू :)

---

फ्रीमाँटकर

माझ्याकडे एससी-५५ (म्हणजे साउंड कॅनव्हस) आणि एमटी-३२ हे दोन्ही डबे खरे, चालू अवस्थेत आहेत. इथे अमेरिकेत जुन्या वाद्यांच्या बाजारात ते अजून मिळतात, किमती मात्र दरवर्षी चढताहेत.

थोडा इतिहास, कारण त्यावाचून 'चांगला आवाज' म्हणजे काय ते उलगडत नाही. १९८८ पर्यंत पीसीवरचा गेम म्हणजे मुख्यतः आतल्या स्पीकरची पिपाणी. त्या वर्षी सिएरा कंपनीने किंग्ज क्वेस्ट ४ आणला. त्याला विल्यम गोल्डस्टीनचं संगीत होतं आणि तो ॲडलिब व एमटी-३२ दोन्हींवर वाजत होता. सिएरा स्वतःच्या गेमबरोबर एमटी-३२ विकायचीसुद्धा. किंमत ५०० डॉलरच्या वर. इतके पैसे गेमच्या संगीतासाठी कोण देणार? पण दिले लोकांनी, आणि पुढची चार-पाच वर्षं चांगले संगीतकार त्याच डब्यासमोर बसून लिहीत राहिले. स्पेस क्वेस्ट ३ (१९८९) चं संगीत सुपरट्रॅम्प बँडचा ड्रमर बॉब सीबेनबर्ग याचं आहे. विंग कमांडर (१९९०) मध्ये तुमचं विमान संकटात सापडलं की संगीतही पालटतं. हे सगळं एमटी-३२ वर ऐकल्यावर कळतं की मंडळी किती जीव ओतून काम करत होती.

एमटी-३२ ची घडणही मजेदार आहे. त्या काळी मेमरी महाग, म्हणून आवाजाच्या सुरुवातीचा ठोका तेवढा खऱ्या वाद्याचा ध्वनिमुद्रित तुकडा, आणि पुढची आस, म्हणजे लांबणारा स्वर, सिंथेसायझरने तयार केलेली. एकूण ३२ पार्शल, म्हणजे आवाज बांधायचे घटक. एक आवाज १ ते ४ पार्शल खातो, त्यामुळे भरघोस आवाज वापरले की एकाच वेळी वाजणारे स्वर कमी होतात. संगीतकाराला हा हिशेब सतत डोक्यात ठेवून लिहावं लागे.

आणखी एक. त्याच्या पुढच्या बाजूला छोटा पडदा आहे, २० अक्षरांचा. सिएराचे गेम सुरू होताना त्यावर संदेश झळकवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवलं.

विकत घेणाऱ्यांसाठी: जुन्या आवृत्तीच्या एमटी-३२ ला हेडफोनचं भोक नाही, नव्या आवृत्तीला आहे. ओळखायची ही सोपी खूण. जुन्याला संदेश भराभर पाठवले तर त्याचं बफर भरतं आणि तो पडद्यावर त्रुटी दाखवून अडतो. डॉसबॉक्समध्ये त्यासाठी संदेश जरा थांबून पाठवायचा पर्याय आहे. सीएम-३२एल नावाचं बिनपडद्याचं भावंड आहे, त्यात ३३ जादा ध्वनी आहेत. नंतरचे काही गेम ते वापरतात. आणि जपानमधून मागवलात तर अडॅप्टर १०० व्होल्टचा येईल. आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये तो थेट खुपसू नका.

---

निळाशार_एफएम

आता माझं विरोधी मत. सगळे रोलँड रोलँड करताहेत. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात एमटी-३२ कुणाच्या घरी पाहिला होता? आपल्याकडे मल्टिमीडिया किट आलं, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एखादं ईएसएस कंपनीचं स्वस्त साउंड कार्ड आलं. आपण डूम ऐकला तो ॲडलिबच्या जातीच्या एफएम चिपवर. माझ्या कानात जो डूम आहे तो तोच: किरकिरा, धातूचा, आक्रमक. साउंड कॅनव्हसवरचा डूम मला फार गुळगुळीत वाटतो.

आणि एफएम हे गरिबाचं रोलँड नव्हे. वायएम३८१२ मध्ये ९ स्वर, प्रत्येकाला २ ऑपरेटर (ध्वनिलहरी तयार करणारे घटक). एवढ्यावर क्रायो कंपनीच्या डून (१९९२) मध्ये स्टेफान पिकने काय करून ठेवलंय ते ऐका. वाळवंटात उडताना वाजतं ते संगीत त्या चिपचा स्वभाव ओळखून लिहिलेलं आहे. खऱ्या वाद्यांची नक्कल करायला तो गेलाच नाही.

डॉसबॉक्स स्टेजिंगमधला न्यूक्ड ओपीएल३ हा या घराण्यातल्या चिपचा एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) वापरा. तो चिपच्या पातळीवर अचूक आहे. बाकी काही लागत नाही, ना रॉम ना साउंडफाँट.

---

आयआरक्यू_५

@निळाशार_एफएम, डूनबद्दल शंभर टक्के सहमत. तिथे ॲडलिबच हवं. डूमबद्दल नाही. डूममध्ये मिडीची वाद्यं एफएममध्ये कशी वाजवायची याचा एक तक्ता दिलेला आहे, आणि एकाच तक्त्यावर सगळी गाणी ओढलेली आहेत. डूनमध्ये एफएम आवाज गाण्यासाठी घडवले. डूममध्ये गाणी आधी झाली आणि एफएमने त्यांचं भाषांतर केलं. कानाला आवडणं वेगळं, पण 'कशासाठी लिहिलं' विचाराल तर दोन्हींची उत्तरं वेगळी येतात.

---

निळाशार_एफएम

तक्ता एकच असला तरी तोही कुणीतरी कानाने जुळवलेलाच आहे. आणि त्या काळी बहुतेक लोक एफएमवरच ऐकणार हे गेम करणाऱ्यांना ठाऊक होतं. ऐकणाऱ्याच्या घरी जे पोहोचलं तेही मूळच म्हणायचं. मी मागे हटत नाही.

---

पीसी_स्पीकर

आमच्या घरी यातलं काहीच पोहोचलं नाही. शाळेच्या लॅबमध्ये डेंजरस डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया, दोन्ही गेम स्पीकरच्या टीं-टूंवर. तरी पात्यांच्या दाराचा खटका आजही ओळखेन.

---

नागपुरी_संत्रं

प्रिन्स मेगाहिट!

---

लिनक्सवाली

@नागपुरी_संत्रं, हे दोन शब्द (प्रिन्स चीटसह सुरू करायची आज्ञा) वाचून पातळी ओलांडायला बोटं आपोआप शिफ्ट आणि एलकडे गेली.

---

कळफलक

सर्वांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर मिळेल अशी अपेक्षा नव्हती.

प्रगती: डॉसबॉक्स स्टेजिंग बसवला, जनरलयूझर जीएस लावला. डूम फ्लुइड-आर३ पेक्षा जास्त घट्ट वाजतो, ड्रम आणि गिटार एकमेकांत मिसळतात. वोल्फेन्स्टाइन न्यूक्ड ओपीएल३ वर ठेवला. आता मंकी आयलंड २. एमटी-३२ विकत न घेता काय करता येईल?

---

आयआरक्यू_५

मुंट. एमटी-३२ चा एम्युलेटर, फुकट, आणि इतका चांगला की डोळे मिटून फरक ओळखणं अवघड. डॉसबॉक्स स्टेजिंगच्या आत तोही आहे, मिडी विभागात डिव्हाइस एमटी-३२ करायचं. त्याला यंत्राच्या दोन रॉम फाइल्स लागतात, एक कंट्रोलची आणि एक पीसीएमची. त्या रोलँडच्या मालकीच्या, म्हणून एम्युलेटरबरोबर मिळत नाहीत. इथे दुवे देऊ नयेत ही सर्वांना विनंती. मुंटला एमटी-३२ आणि सीएम-३२एल दोन्हींच्या रॉम चालतात.

मग गेममध्ये रोलँड निवडा. हा भाग लोक विसरतात. एम्युलेटर कितीही नीट लावला तरी गेमच्या सेटअपमध्ये ॲडलिब निवडलेलं असेल तर ॲडलिबच वाजणार.

स्कमव्हीएमवर (असे जुने गेम चालवणारा दुसरा प्रोग्राम) खेळत असाल तर तिथेही मुंट आतच आहे, रॉम तेवढ्या हव्यात. खरा डबा जोडलेला असेल तर 'खरा रोलँड एमटी-३२' अशा अर्थाची खूण करायला विसरू नका. नाहीतर स्कमव्हीएम तो जनरल मिडी समजून वाद्यं बदलत बसतं.

---

फ्रीमाँटकर

साउंड कॅनव्हससाठीही आता तसंच आहे. न्यूक्ड एससी-५५ म्हणून एम्युलेटर आलाय, त्यालाही रॉम लागते. तो आतल्या चिपा जशाच्या तशा चालवतो, त्यामुळे प्रोसेसरवर भार पडतो. माझ्या खऱ्या एससी-५५ शेजारी ठेवून ऐकला. एम्युलेटरमध्ये विजेची खरखर नाही, एवढाच फरक मला जाणवला.

---

मायक्रोप्रोसेसर_दादर

माझ्याकडे मामाचं ४८६ मशीन आहे, साउंड ब्लास्टर १६ सकट. त्यावर हे सगळं जमेल का? एम्युलेटर नको, खऱ्या डॉसवरच खेळायचंय.

---

आयआरक्यू_५

जमेल, पण दोन अडथळे आहेत.

पहिला: काही जुने गेम रोलँडच्या एमपीयू-४०१ या मिडी कार्डाचा 'इंटेलिजंट' मोड मागतात. साउंड ब्लास्टर १६ ला फक्त साधा यूएआरटी मोड येतो, त्यामुळे गेमला रोलँड सापडतच नाही. त्यावर सॉफ्टएमपीयू नावाचा छोटा मेमरीत बसणारा प्रोग्राम आहे. ३८६ किंवा वरचं मशीन आणि ईएमएम३८६ लागतं, तुमच्याकडे दोन्ही असेल. ऑटोएक्झेक या डॉस सुरू होताना चालणाऱ्या फाइलमधल्या ब्लास्टरच्या ओळीत पी३३० आहे ना ते बघा. तो मिडीचा पत्ता, आणि गेमच्या सेटअपमध्येही ३३० च द्यायचा.

दुसरा: साउंड ब्लास्टर १६ च्या बऱ्याच कार्डांत एक जुना दोष आहे. गोळीबाराचे डिजिटल आवाज आणि मिडी एकाच वेळी चालले की मधूनच एखादा स्वर अडकतो आणि वाजतच राहतो. डूममध्ये हटकून होतं. कार्ड बदलणं किंवा मिडीसाठी वेगळं कार्ड लावणं हाच इलाज.

वाजवायला डबा नसेल तर रास्पबेरी पाय ३ किंवा ४ हा छोटा संगणक घ्या आणि त्यावर एमटी-३२-पाय चढवा. मुंट आणि फ्लुइडसिंथ दोन्ही त्यात आहेत. कार्डाच्या जॉयस्टिक पोर्टमधून मिडीची केबल काढायची, मिडी इनपुटचा बोर्ड पायवर लावायचा, आणि आवाजासाठी चांगला डॅक (डिजिटलचा ॲनालॉग आवाज करणारा भाग). खऱ्या एमटी-३२ पेक्षा खूप स्वस्तात काम होतं.

---

मायक्रोप्रोसेसर_दादर

पी३३० आहे! रविवारी लॅमिंग्टन रोड.

---

कळफलक

मंकी आयलंड २ मुंटवर चालू झाला.

वूडटिक गावात फिरतोय. एका झोपडीतून दुसरीत शिरलं की तीच धून चालू राहते, फक्त वाद्य बदलतं, आणि कुठेही सांधा ऐकू येत नाही. बाहेर आलं की पुन्हा पुलावरची धून, बरोबर तालावर. फ्लुइड-आर३ वर हेच ऐकलं होतं पण लक्षातही आलं नव्हतं, कारण वाद्यंच चुकीची होती. हे कसं केलं असेल?

---

आयआरक्यू_५

त्याला आयम्यूज म्हणतात. मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी लुकासआर्ट्ससाठी बनवलं, आणि मंकी आयलंड २ हा ते वापरणारा पहिला गेम. तुम्ही दार उघडता तेव्हा संगीत लगेच तुटत नाही. गाण्यातली सोयीची जागा येईपर्यंत इंजिन थांबतं, मग जोडणीचा तुकडा वाजवून पुढच्या धूनेत शिरतं. संगीत मिडीत असल्यामुळेच हे शक्य झालं. ध्वनिमुद्रित संगीतात एकच वाद्य अलगद काढून दुसरं घालणं त्या काळच्या पीसीला झेपलं नसतं.

---

वाद्यवृंद_कोल्हापूर

हे तर आम्ही मंचावर करतो! निवेदकाचं बोलणं लांबलं की समेवर येईपर्यंत त्याच ओळी फिरवत राहायचं आणि खूण आली की पुढच्या गाण्यात. १९९१ मध्ये कॉम्प्युटर हे करत होता? आता मला हा गेम बघायलाच हवा. कुठून सुरू करू?

---

लिनक्सवाली

@वाद्यवृंद_कोल्हापूर, दादा, थेट वूडटिक. सुरुवातीलाच येतं, कोडी सोडवायला लागत नाहीत. डोळे मिटून नुसते आतबाहेर करा.

---

कळफलक

मूळ प्रश्नाकडे येतो. सध्या अशी व्यवस्था ठेवली आहे: १९९१ पर्यंतचा गेम आणि सेटअपमध्ये रोलँड दिसला की मुंट. १९९३ नंतरचा असेल तर जनरल मिडी, जनरलयूझर जीएससह. मधल्या काळातल्या गेममध्ये दोन्ही पर्याय दिसले तर?

---

फ्रीमाँटकर

दोन्ही ऐका, पाच मिनिटांचं काम आहे. माझा अनुभव असा की त्या काळात काही संगीतकार जुन्याच डब्यावर लिहीत होते आणि जनरल मिडीची आवृत्ती मागाहून बनवली जायची, काहींचं उलट. वर्षावरून नक्की सांगता येत नाही. ज्या आवृत्तीत कुठलंच वाद्य ओरडत नाही ती बहुधा मूळ.

---

निळाशार_एफएम

आणि तिसरा पर्यायही ऐका. ॲडलिब! @कळफलक, तुमच्या व्यवस्थेत डून कुठे बसतो ते सांगा बघू.

---

कळफलक

डून आज रात्री लावतो, ॲडलिबवर आणि मुंटवर. दोन्हींचं ध्वनिमुद्रण इथे चढवेन, कोणतं कुठलं ते न सांगता. मतं तुम्ही द्या.

---

नागपुरी_संत्रं

वाट पाहतो. निळाशारभाऊ, हेडफोन तयार ठेवा.